रकाना सात

लोहाओळीत, खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानावर माझी खोली.
मे महिना. कूलरमधून वाळ्याचा ओला वास,
आणि टेबलावर सिमेंटच्या पोत्यात गुंडाळलेलं,
देवलापार ठाण्याची लाख लागलेलं
एक पातं.

सोबत हवालदार,
आणि जिच्याकडून जप्त केलं ती.
सुगंताबाई मडावी, वय अंदाजे साठ.
माणसाचं वय अंदाजे चालतं सरकारला,
लोखंडाचं नक्की पाहिजे.

आधी डोळे मिटून हातात तोलायचं.
इनायत शिकलगारानं शिकवलेलं हे.
गांजाखेतात त्याचं सहाणेचं चाक होतं.
‘आँख सबसे आख़िर में,’ म्हणायचा,
‘और मूठ की मत सुनना, मूठ झूठ बोलती है.’
नवा गंज बोटाला लागतो, कुंकवासारखा.
जुना लागत नाही,
तो पोलादाची कातडी झालेला असतो.

हा लागला नाही.

मग लिंबू. बोटभर जागा घासून
थांबले. चहा सांगितला.
दख्खनी फौलाद असतं तर पाण्यावरच्या तरंगासारखा
जौहर वर आला असता.
आला नाही. राखाडी, सपाट, मुकं पोलाद,
आणि पाठीलगत तीन अरुंद पन्हळी.
फिरंग.
भिंगाखाली चार-पाच रेघांचं एक जनावर.
‘कुत्रा हाये का?’ हवालदार वाकला.
लांडगा. जर्मनीतल्या लोहारांची खूण.
त्याच्या शेपटीशी आकडा: १४१४.
‘घ्या मॅडम! साल तं लिहूनच आहे.
उगाच लिंबू नासवला तुम्ही.’

नाही हो. ते साल नाही.
तो तोडगा. दाराला काळी बाहुली बांधतात ना, तसा.
पात्यावरचं सगळंच वाचायचं नसतं,
काही नुसतं त्याच्या अंगावर असतं.

पातं तीनशेच्या पुढचं.
गलबतातून उतरलं असेल, कुणाच्या कमरेला लागलं असेल,
ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं ते सांगतात
त्यांना विकायचं असतं.
पुढे कधीतरी मोडलं.
अणीच्या जागी आगीत वळवलेलं नाक,
हे काम पेंचकडच्या लोहाराचं, शंभरेक वर्षांपूर्वीचं.
मूठ सागाची. तिचा खिळा सायकलचा आरा.

आणि झीज.
झीज मधोमध, एकाच अंगानं, खोल.
माणसं कापून अशी झीज येत नाही.
त्यासाठी बांबू लागतो, हजारांनी,
तिरपा, तीस-चाळीस वर्षं,
आणि डावा हात.

चहा आला.
सुगंताबाईनं कप डाव्या हातात घेतला,
मी पाहतेय हे पाहून उजव्यात बदलला.
‘या हातापायी लय बोलणे खाल्ले म्या सासरी.’

रकाना पाच, निर्मितीकाळ. इथे एकच ओळ छापलेली.
मी चार लिहिल्या.
पातं. नाक. मूठ. खिळा.
रकाना सात, उपयोग:
हत्यार / अवजार. लागू नसलेले खोडा.
रकाना पाच खरा भरला तर हे काचेआड जाऊ शकतं,
सात चुकला तर मालखान्यात,
आणि तिची दोनशे सुपं पोळ्याच्या आत द्यायचीत.
हत्यार खोडलं. पुन्हा एकदा खोडलं.
कागदाला भोक पडलं.

‘पन नेमकं किती सालचं लिवू?’ हवालदार.
मी उत्तर जुळवत होते,
तोवर तिनं पातं उचललं,
अंगठा धारेवरून नेला, सावकाश, मुठीपासून नाकापर्यंत,
आणि एका जागी थांबली.
‘हा दात माहा नाही.’

मी भिंग घेतलं. होता. तांदळाएवढा,
कडा अजून चकचकीत.
बावीस वर्षं अजब बंगल्यात शस्त्रं तपासली मी,
आणि हा सुटला.

‘चार-आठ दिसाचा हाये,’ ती म्हणाली.
‘ठान्यात कोनंतरी नारळ फोडला याच्यानं.’

हवालदार
कूलरकडे पाहू लागला.